सगळ्यात खालचा बोल्ट

६ नोव्हेंबर १९९३, शनिवार

निश्चय. यंदा भाऊबीजेला सुलभाला नवापूरला मी स्वतःच्या गाडीतून नेणार. सोमवारी १५ तारखेला सकाळी साडेसहाला सुरत सोडायचं आणि दहाच्या आत रघुनाथच्या दारात हॉर्न. दोनदा वाजवायचा. एकदा वाजवला तर दूधवाला आला असं वाटेल.

मेहुणा असला म्हणून काय वाटेल ते बोलावं? चार वर्षांपूर्वी वास्तुशांतीच्या भर पंगतीत म्हणाला होता की मुकुंदराव एस.टी.नं येतात, म्हणून आमच्याकडे आमटी दोनदा गरम करावी लागते. लोक हसले. एक तर ठसका लागेपर्यंत हसला. मी तिथेच, हात धुता धुता, ठरवलं की या उंबऱ्यात परत येईन तर स्वतःच्या गाडीतून उतरूनच.

सुलभाही तेव्हापासून गेलेली नाही. जाऊ नको असं मी कधीही म्हटलेलं नाही. फक्त एकदा विचारलं होतं की भाऊ मोठा की नवरा. चार भाऊबिजा तिनं गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेली बाई चंद्राला ओवाळते, हे मला कळतं. तिचा भाऊ शंभर किलोमीटरवर धडधाकट बसलाय, हेही कळतं. म्हणून तर ऑगस्टमध्ये फियाट घेतली. सेकंडहँड. थर्डहँड म्हणणारे जळतात.

आज कपाटात नवापूरची रेल्वेची दोन रिझर्वेशनं सापडली. सुलभानं गुपचूप काढून ठेवलेली. संताप आला. विश्वास नाही म्हणजे काय? स्टेशनवर जाऊन दोन्ही कॅन्सल करून आलो.

निघण्याआधी इंजिन ऑइल बदलणे. उद्या रविवार. अर्ध्या तासाचं काम.

७ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८

जुना शर्ट. जॅक. परात. नवा पान्यांचा सेट, काल भागळच्या बाजारातून आणला. दुकानदार म्हणाला की साहेब, एक नंबरनो माल छे. आरशासारखा चकाकतो.

सुलभानं विचारलं की पर्वत पाटियाला सुकलालच्या गॅरेजमध्ये का देत नाही, तो तर आपला खानदेशचाच. तिला काय सांगणार! चौदा वर्षं विमा कंपनीत मोटार क्लेमच्या टेबलावर बसून मी एकच शिकलो आहे, गॅरेजवाला हा जन्मजात चोर असतो. याच सुकलालनं मागच्या वर्षी एका क्लेमच्या बिलात लिहिलं होतं, जाम बोल्ट काढणे, मजुरी वेगळी. मी लाल पेन्सिलीनं कापलं. बोल्ट काढायला कसली आलीय मजुरी? तो ऑफिसात येऊन म्हणाला होता की साहेब, एकदा काढून बघा. आता बघ म्हणावं.

गाडीबरोबर आलेलं पुस्तक सुलभानं आणून दिलं. मी ते परातीखाली टेकू म्हणून ठेवलं.

८.२०

गाडीचं तोंड जॅकवर उचललं आणि खाली शिरलो. पुढे एक काळा चेंबर आहे, त्याला बोल्ट आहे. पण मागे, मधोमध, पांढऱ्या धातूचा एक मोठा डबा आहे आणि त्याचा बोल्ट चांगला चार बोटं खाली आहे. तेल खाली वाहतं. अर्थात सगळ्यात खालचा बोल्ट तेलाचा. डोकं असलं की पुस्तक लागत नाही.

८.५०

सतरा नंबरचा पाना बसत नाही. एकोणीस सैल होतो. मध्ये पत्र्याची पट्टी सारून एकोणीसच लावला. असल्या ठिकाणी अनुभव कामी येतो.

९.०५

पाना फिरला. बोल्ट फिरला नाही.

९.४०

बोल्टच्या दोन कडा उडाल्या. पाना हलकट आहे. दुकानदार त्याहून हलकट. एक नंबरनो माल! आतून नुसतं पितळ असावं.

दुपारी १.१५

बोल्ट गोल झाला. पूर्ण गोल. सहा बाजूंपैकी एकही शिल्लक नाही. आता तो गोटीसारखा गुळगुळीत आहे आणि त्याला कुठलाच पाना धरत नाही. उजव्या हाताची तीन बोटं सोलली. डोळ्यात वीस वर्षांचा चिखल. तळमजल्यावरच्या मालतीबाई वाकून म्हणाल्या की भाऊ, काही लागलं तर सांगा हं. काय सांगणार? त्यांच्याकडे फोन आहे, बोल्ट नाही.

सुलभानं विचारलं, झालं का. मी सांगितलं की पहिला टप्पा झाला.

८ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसातून येताना पाईप पाना आणला. दीड हात लांब. प्लंबर वापरतात तो. याचे दात बोल्टला चावतात. तरफेचा नियम आहे, दांडा जेवढा लांब तेवढा जोर जास्त. म्हणून त्याच्या दांड्यात सुलभाची पडद्याची सळई घातली.

संध्याकाळी ७

सळई वाकली. पडदा आता अर्धाच लागतो. पाईप पाना सटकून हनुवटीवर बसला. मी जे बोललो ते मालतीबाईंनी ऐकलं असणार, कारण त्यांनी खिडकी लावून घेतली. लावा. माझ्या गाडीखाली मी काय बोलतो याची चौकशी नको आहे मला.

विशेष म्हणजे बोल्ट आता फिरत नाहीच, वर चमकायला लागलाय. मुद्दाम.

सुलभानं फक्त एवढंच विचारलं की रेल्वेची तिकिटं परत मिळतील का. अशा वेळी माणसानं धीर द्यायचा असतो. तिला तसं सांगितलं, जरा मोठ्यांदा.

९ नोव्हेंबर, मंगळवार

पर्वत पाटियाला गेलो होतो. कामानं. वाटेत सुकलालचं गॅरेज लागलं म्हणून थांबलो. त्याला म्हटलं, एका क्लेमची केस आहे, पार्टीचा ऑइलचा बोल्ट जाम होऊन गोल झालाय, अशा वेळी तुम्ही लोक काय करता, फक्त माहिती म्हणून.

त्यानं माझ्या बोटांच्या पट्ट्यांकडे बघितलं, मग हनुवटीकडे. म्हणाला की साहेब, त्या पार्टीले सांगा, आधी बोल्ट कशाचा आहे ते नीट बघा. मग त्याच्यावर दुसरा नट वेल्डिंगनं चिकटवायचा, गरमीनं गंज सुटतो, मग हळूच फिरवायचा. छिन्नी मारू नका म्हणा, आतलं फुटीन. मग म्हणाला की मी गुरुवारी रात्री अमळनेरले निघनार, लाभपाचमले येईन. त्याच्या आत पार्टीची गाडी आणून द्या, चहा व्हयेपर्यंत करून देतो.

चहा होईपर्यंत! या माणसाची मजुरी मी कापली ते बरोबरच केलं. जे चहा होईपर्यंत होतं त्याचे पैसे कसले?

मी सांगितलं की पार्टी मोठी आहे, ती बघून घेईल. निघताना तो म्हणाला, त्या पार्टीले औषध लावायले सांगा. उद्धट आहे.

१० नोव्हेंबर, बुधवार

गंज रॉकेलनं सुटतो हे माझं जुनं मत आहे. सकाळी बोल्टला रॉकेलची चिंधी बांधली. संध्याकाळपर्यंत चिंधी सुटली, गंज नाही. सुलभाच्या फराळाच्या तळणीपाशी रॉकेलचे हात गेले म्हणून ती बोलली. पहिला घाणा फेकला. चकलीपेक्षा बोल्ट महत्त्वाचा आहे हे तिला कळत नाही. बोल्ट निघाला तरच नवापूर, हेही मीच सांगायचं.

ती म्हणाली की नवापूरला जायला बोल्ट कशाला, एस.टी. आहे.

एस.टी. या शब्दानंतर मी जेवलो नाही.

ऑफिसात एक बिल आलं होतं, गंजलेला बोल्ट काढणे, चार तास. पेन्सिल उचलली. मग पास केलं. घाईत होतो.

११ नोव्हेंबर, गुरुवार

वेल्डिंगवाला शोधला. उधना दरवाजापासून पुढे चार दुकानं पालथी घातली. पहिल्याचं शटर खाली. दुसरा म्हणाला की साहेब, हवे तो लाभपाचम पछी. म्हणजे आता थेट लाभपंचमीनंतर. तिसरा झेंडूची तोरणं लावत होता, म्हणाला लाभपाचम पछी. चौथ्यानं मी तोंड उघडायच्या आत सांगितलं, लाभपाचम पछी. १८ तारखेपर्यंत अख्खं गाव बंद! अकरा वर्षं या शहरात राहतोय, यांची ही सवय मला पटलेली नाही. दिवाळी आहे म्हणून माणसं कामं सोडून घरी बसतात. आणि भाऊबीज लाभपाचमीच्या आधी येते याचा विचार कोण करणार?

सुलभा म्हणाली की हे दरवर्षीच असतं, तुम्हाला माहीत होतं. मला माहीत होतं. पण त्याचा बोल्टशी संबंध येईल असं वाटलं नव्हतं.

सुकलाल रात्री निघाला असेल. जाऊ दे. त्याच्यावाचून माझं काही अडत नाही.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

सोसायटीत पाटा-वरवंट्याला टाकी लावणारी सुंदरा आली होती. दिवाळीआधी येते दरवर्षी. तिच्या हातातली छिन्नी बघितली. काळी, जाड, खरीखुरी पोलादी. एक नंबरनो माल असा असतो. स्टीलचं जुनं पातेलं देऊन तिची एक छिन्नी घेतली. कुणावर मारायची म्हणून तिनं विचारलं. गाडीच्या बोल्टवर, असं सांगितलं. ती म्हणाली की दादा, दगडसुद्धा आधी बघावा लागतो, मग मारायचा. पाट्याला टाकी लावणाऱ्या बाईनं मला इंजिन शिकवावं! तरी राग गिळला.

पातेलं दुधाचं होतं म्हणे. सुलभानं रघुनाथसाठी केलेल्या करंज्यांचा डबा आत, कपाटात ठेवला आहे. वर कपडे टाकलेत. तिला वाटतं मला दिसत नाही.

उद्या शेवटचा घाव.

१३ नोव्हेंबर, शनिवार. लक्ष्मीपूजन. दुपारी १२.४०

विजय!!

सव्वाअकराला सुरुवात केली. छिन्नी बोल्टच्या कडेला तिरकी लावली आणि हातोडा. एक, दोन, दहा. बोल्ट हलला नाही. मग चौदा वर्षं, वास्तुशांती, आमटी, एक नंबरनो माल, लाभपाचम पछी, सगळं आठवून एकच मारला. कड असा आवाज आला आणि तेल!! परातीत धार लागली.

बोल्ट जागच्या जागी आहे. त्याच्या शेजारी पांढऱ्या डब्याला बोटभर चीर गेली आहे. पण आपला उद्देश काय होता? तेल काढणे. तेल निघालं. बोल्ट हे फक्त साधन होतं.

दोन गोष्टी सिद्ध झाल्या. एक, तेल अजिबात काळं नाही, मधासारखं दाट आणि पिवळसर आहे. म्हणजे तेल काळं झालं म्हणून ते बदलायला लावणारे सगळे गॅरेजवाले खोटारडे. दोन, तेल निघालं जेमतेम दीड लिटर, आणि पुस्तकात साडेतीन लिहिलंय. म्हणजे आधीच्या मालकाला कुणीतरी साडेतीनचं बिल लावून दीडच घातलं. हे असं चालतं! वास मात्र गंधकासारखा उग्र. अस्सल तेलाला वास असतोच.

मालतीबाईंच्या रांगोळीपर्यंत ओघळ गेला. त्यांनी दुसरी काढली. मी सॉरी म्हणणार होतो, पण त्यांनी आधी तोंड फिरवलं.

संध्याकाळी

लक्ष्मीपुढे पान्यांचा सेट ठेवला. सुलभानं तो उचलून खाली ठेवला आणि म्हणाली की तेल गळलं ते बरं, पण चीर कशानं बुजवणार. प्रश्न विचारायची पद्धत बघा. पुट्टी आहे घरात. दोन रंगांच्या वड्या मळून लावायची. पाण्याची टाकी त्यानंच बुजवली होती.

१४ नोव्हेंबर, रविवार. पाडवा

सकाळी सुलभानं ओवाळलं. तबकात मी दरवर्षी साडी टाकतो. यंदा सांगितलं की ओवाळणी म्हणजे उद्याचा प्रवास. ती पहिल्यांदा हसली, आठवड्यात. चंद्राचं ओवाळणं बस झालं. यंदा खरा भाऊ.

१०.३०

पुट्टी दगडासारखी सुकली. वरून नवं इंजिन ऑइल ओतलं, पूर्ण साडेतीन लिटर, स्वतःच्या हातानं, चोरी नाही.

१०.५०

तेलाची पातळी बघायची जी पट्टी असते, डिपस्टिक, ती काढून बघितली. तेल ‘फुल’च्या खुणेच्या वर, दांड्यापर्यंत. काल जुनं तेल काढल्यावर बघितली होती तेव्हाही ‘फुल’ दाखवत होती. डिपस्टिक बिघडली आहे. नवी घेणे. लाभपाचम पछी.

दुपारी ४. ट्रायल

सोसायटीला तीन फेऱ्या. गाडी उत्तम. मागून निळा-पांढरा धूर येतो, तो जुना मळ जळतोय म्हणून. गेअर टाकताना खालून बारीक रडल्यासारखा आवाज येतो. नवं तेल रुळलं की जाईल. मालतीबाईंनी रांगोळीवर पाट उपडा घातला. अतिशयोक्ती आहे.

सुलभाला आवाजाबद्दल विचारलं नव्हतं, तरी ती म्हणाली की गाडी रडतेय. बायकांना प्रत्येक गोष्ट रडताना दिसते.

१५ नोव्हेंबर, सोमवार. भाऊबीज. सकाळी ६.२५

वेळेच्या पाच मिनिटं आधी तयार! सुलभानं जांभळी पैठणी नेसली आहे. चार वर्षं नेसली नव्हती, घडीवर पिवळी रेघ पडलीय. हातात ओवाळणीचं तबक, करंज्यांचा डबा, रघुनाथसाठी शर्टपीस. हॉर्न तपासला. दोन्ही वेळा वाजला.

९.१०, चलथाण

रस्त्याच्या कडेला, बॉनेटवर वही ठेवून लिहितोय.

पर्वत पाटियापर्यंत आवाज बारीक होता. सारोलीनंतर मोठा झाला. एक रिक्षावाला शेजारी येऊन हात करून सांगायला लागला की काका, धुमाडो! धूर, हे मला दिसत होतं. मी काच वर केली. कडोदऱ्याला थांबून गाडी गार होऊ दिली, तासभर. गार झाली आणि जास्त ओरडायला लागली. चलथाणला साखर कारखान्याच्या फाटकाच्या अलीकडे खालून लोखंड चावल्यासारखा आवाज आला आणि सगळं थांबलं. गेअरचा दांडा हलत नाही. पुढे नाही, मागे नाही. मागे उसाच्या गाड्यांची रांग. त्यातल्या एकानं खाली उतरून न विचारता गाडी कडेला ढकलली आणि म्हणाला की भाऊ, गेअरबॉक्स गयू. इंजिन आणि गेअरबॉक्समधला फरक या ऊसवाल्यानं मला सांगावा!

पाने बरोबर आणलेत. अर्ध्या तासात होईल.

९.५०

धुळ्याची लाल बस आली. सुलभानं हात केला. तिनं मला विचारलं नाही.

उसाचा ट्रक आडवा होता, त्यामुळे बस पाचेक मिनिटं तिथेच उभी. सुलभा चढली, खिडकीशी बसली, तबक मांडीवर घेतलं. पर्स शेजारच्या सीटवर ठेवली. तिला पसरून बसायची सवय आहे. कंडक्टर दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता, म्हणाला की चला साहेब. मी सांगितलं की माझी गाडी आहे. मागून येतो. तासाभरात गाठतोच तुम्हाला व्याऱ्यापाशी. सुलभा म्हणाली की अहो, या. एवढंच. मी पाना वर करून दाखवला.

गाडी अशी रस्त्यात टाकून कसा जाणार? आणि एस.टी.तून उतरायचं त्याच्या दारात? भाऊबीजेच्या दिवशी? आमटी परत गरम?

ट्रक हलला. बस गेली.

दुपारी १.३०

गाडी तशीच. इंजिन चालू होतं, फक्त गाडी चालत नाही. म्हणजे इंजिनात दोष नाही, हे महत्त्वाचं. ऊन. एक कणीस आणि चहा. बोल्टला शिव्या दिल्या, पण तो पुट्टीच्या आत आहे, ऐकू जात नाही त्याला.

दुपारी ४

आता निघालो तरी सहापर्यंत पोचतो. दिवेलागणीला ओवाळलं तरी चालतं.

संध्याकाळी ६.३०

उसाच्या रिकाम्या ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी परत आणली. सोसायटीत शिरताना हॉर्न नकळत दाबला गेला. मालतीबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, नवापूरहून फोन आला होता, सुलभाताई सव्वाएकला पोचल्या, तुम्ही कुठे आहात ते विचारत होत्या. मी सांगितलं की वाटेत. मालतीबाई गाडीकडे बघून म्हणाल्या की बरं.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

फोन केला नाही. आधी गाडी नीट करून मग करणार. माणसानं काहीतरी हातात घेऊन बोलावं.

घरात चकल्या आहेत. रॉकेलचा वास येत नाही, उगाच बोलली होती.

१८ नोव्हेंबर, गुरुवार. लाभपाचम

सुकलालला बोलावलं. नाइलाजानं नाही, तांत्रिक मतासाठी. आला तोच म्हणाला, ताई पोचली ना नवापूरले? मी म्हटलं की गाडीचं बोला.

तो आडवा झाला, खाली बघितलं, आणि नखानं पुट्टी उकरली. मग खालूनच, बहुधा स्वतःशी, अहिराणीत बोलला की हाई काय करी टाकं रे देवा. बाहेर आला तेव्हा हातात पुट्टीचा गोळा होता. सांगितलं की साहेब, हाऊ इंजिनना बोल्ट नै शे. हाऊ गेअरबॉक्सना शे. तुम्ही गाडीचं तोंड उचललं, म्हणून मागचा बोल्ट खाले दिसला. इंजिनचा बोल्ट तो पुढचा, काळ्या चेंबरचा.

म्हणजे मी गेअरबॉक्सचं तेल सांडलं, आणि इंजिनात जुनं तेल असताना त्यावर नवं ओतलं. डिपस्टिक खरं सांगत होती. डिपस्टिकसुद्धा.

सुकलालनं परात सरकवली, सतरा नंबरचा पाना लावला, माझ्याच सेटमधला, आणि पुढचा बोल्ट फिरवला. एका हातानं. दुसऱ्या हातात बिडी होती. बोल्ट निघाला. काळंभोर तेल वाहायला लागलं, परात भरली, तरी संपेना. मालतीबाईंनी आपणहून बादली आणून दिली.

मला त्याच्यावर फार ओरडावंसं वाटलं. त्यानं काही केलं नव्हतं, म्हणून अडचण झाली. शेवटी ओरडलो की अमळनेरला जायची काय गरज होती. तो म्हणाला, बहीण शे साहेब तठे.

गेअरबॉक्स उतरवावा लागेल. महिनाभर.

२० नोव्हेंबर, शनिवार

दुपारी सुलभा आली. बसनं. स्टँडवर घ्यायला जाणार होतो, पण कशानं जाऊ या विचारात वेळ झाला.

पैठणीची घडी घातली, रघुनाथनं दिलेली साडी दाखवली, वहिनीनं पाठवलेली पापडांची पिशवी ठेवली. रागावलेली नाही. मी ओरडायची तयारी करून बसलो होतो, ती वाया गेली. विचारलं की रघुनाथ काय म्हणाला. म्हणाली, तुमच्यासाठी ताट वाढून ठेवलं होतं, तीन वाजले तरी जेवायला बसेना. दिवेलागणीला फाट्यावर जाऊन उभा राहिला, तुमची गाडी ओळखता येईना म्हणून येईल त्या फियाटला हात करत होता. वास्तुशांतीचं विचारलं तर त्याला आठवतच नाही. म्हणाला, मी असं कसं बोलेन, त्या दिवशी तर त्यांना मीच शेवटपर्यंत आग्रहानं वाढत होतो.

मग तिनं पर्स उलटी करून पलंगावर रिकामी केली. सुटे पैसे, रुमाल, एक कुंकवाची डबी, बसची तिकिटं. तिकिटं उचलून बघितली. जाताना चलथाण ते नवापूर, दोन सीट.

दोन कशाला, असं मी विचारलं. आवाज चढवूनच विचारलं, सवयीनं.

ती म्हणाली की कंडक्टरनं किती म्हणून विचारलं, मी दोन सांगितली. बस हलायच्या आत तुम्ही चढाल असं वाटलं. बारडोलीपर्यंत पर्स उचलली नाही. तिथे एक लेकुरवाळी चढली, मग उचलली.

ती चहा टाकायला आत गेली. मी पाने पुसले, नंबरानं लावले, डब्यात ठेवले. सीट रिकामी होती. चलथाणला मी उभा होतो तिथून स्पष्ट दिसत होती.